बाजरीच्या दाण्याएवढी गोगलगाय: बालाघाटातल्या एका नव्या प्रजातीच्या वर्णनाचं प्रकरण

या प्रकरणातल्या व्यक्ती, गाव, डोंगर आणि महाविद्यालय यांची नावं गाळली आहेत. गोगलगायीचं प्रस्तावित नावही दिलेलं नाही. कारण नाव पहिल्यांदा छापलं जायचं ते पूर्ण वर्णनासकट, शोधनिबंधातच. त्याआधी कुठे नुसतं नाव छापून आलं, तर प्राणिनामकरणाच्या नियमांत त्याला काही किंमत नसते आणि गोंधळ मात्र पुढच्या अभ्यासकांच्या गळ्यात पडतो. मी शेजारच्या जिल्ह्यात प्राणिशास्त्र शिकवतो. या कामात माझा वाटा छायाचित्रणापुरता होता, पण सगळे निर्णय जवळून पाहायला मिळाले. जिल्ह्याच्या ठिकाणापासून लांब राहून असं काम करणाऱ्यांना त्यांचा उपयोग व्हावा म्हणून हे लिहितो आहे.

पार्श्वभूमी

2022 च्या जुलैत लातूर, बीड आणि धाराशिवच्या शेतकऱ्यांनी जे भोगलं ते अजून कुणी विसरलेलं नाही. सोयाबीन उगवून दोन पानांवर आलं की रात्रीतून तासंच्या तासं फस्त. कुणी दुबार पेरलं, कुणी तिबार. बायका-पोरं रात्री बॅटऱ्या घेऊन शेतात, सकाळी बादल्या भरभरून मिठाच्या पाण्यात. शंखी गोगलगाय हा शब्द त्या वर्षी घराघरात पोचला.

ही शंखी मूळची पूर्व आफ्रिकेची. भारतात ती 1847 मध्ये आली. विल्यम बेन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कलकत्त्याच्या एका बागेत सुटल्या आणि तिथून पसरत गेल्या. हाच बेन्सन भारतातल्या कितीतरी देशी गोगलगायींचं पहिलं शास्त्रीय वर्णन करणारा माणूस. पुढे या प्रकरणात त्याच्या जुन्या नोंदींशी गाठ पडणार आहेच.

तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीने शंखीवरच काम घेतलं होतं. प्रश्न साधा होता: सोयाबीन नसतं तेव्हा ही गोगलगाय कुठे दडते? बांध, विहिरीचे कठडे, उकिरडे, दगडी ताली असं सगळं पाहत ती बालाघाटाच्या डोंगररांगेच्या पायथ्याला पोचली. शंखी जंगलात शिरते का, हे तिला तपासायचं होतं.

बालाघाटाचा हा भाग बाहेरून उजाड दिसतो. माथ्यावर गवत, उतारावर धावडा, सालई, मोई, पळस. पण दोन सोंडांच्या मधल्या घळीत उंबर, करंज, जांभूळ तग धरून आहेत. तिथे पाचोळ्याचा थर वितभर असतो आणि उत्तरेकडच्या उताराला दुपारीही सावली मिळते. खडक काळा बसाल्टच, पण त्याच्या भेगांत आणि मुरमात चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. गोगलगायीला शंख बांधायला चुना लागतो, त्यामुळे अशा जागा महत्त्वाच्या.

2022 च्या दिवाळीनंतर तिने घळीच्या तळातून पाचोळ्याच्या पिशव्या भरून आणल्या. पाचोळा सावलीत वाळवला, वर गव्हाची चाळण आणि खाली रव्याची चाळण धरून चाळला. रव्याच्या चाळणीवर उरलेला चुरा पाण्यात टाकला की रिकामे शंख आत हवा असल्याने तरंगतात आणि माती बुडते. शंखी तर मिळाली नाही. तरंगणाऱ्या काड्या-कुड्यांत मात्र बाजरीच्या दाण्याएवढे, पांढुरके, पिंपाच्या आकाराचे काही शंख होते. उंची दोन मिलिमीटरच्या किंचित वर.

सूक्ष्मदर्शकाखाली शंखाच्या तोंडात दात दिसले. हे खाण्याचे दात नव्हेत. गॅस्ट्रोकॉप्टा या चिमुकल्या गोगलगायींच्या वंशात आणि त्याच्या जवळच्या गटांत शंखाच्या तोंडाच्या आतल्या बाजूला चुन्याचे उंचवटे वाढतात. कीटकांच्या अळ्यांना आत घुसता येऊ नये म्हणून ते असावेत, असं बरेच अभ्यासक मानतात. प्रजाती ओळखताना या दातांची संख्या, जागा आणि आकार सगळ्यात आधी पाहतात. या शंखांमधली मांडणी तिच्या हाताशी असलेल्या कुठल्याच वर्णनाशी जुळेना.

अडचण

नवं काही सापडलं असं वाटणं सोपं आहे. खरं कष्टाचं काम म्हणजे ते आधी कुणी पाहिलेलं नाही, हे दाखवून देणं. इथे तीन शंका होत्या आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळ्या ठिकाणी होतं.

पहिली शंका: ही वाढ पूर्ण झालेली गोगलगाय आहे की मोठ्या प्रजातीचं पिल्लू? लहान गोगलगायींच्या अभ्यासात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. पण या गटात वाढ पूर्ण झाली की शंखाचा ओठ बाहेर वळतो, जाड होतो आणि दात पूर्ण बनतात. हातातल्या शंखांचे ओठ वळलेले होते. ही शंका पहिल्याच आठवड्यात मिटली.

दुसरी शंका जास्त अवघड होती. ही गोगलगाय इथलीच कशावरून? शंख रिकामे होते, तेही घळीच्या तळाशी. पुराच्या पाण्याने ते वरून, कुठूनही, वाहून आलेले असू शकतात. शिवाय डोंगराच्या पायथ्याला काही वर्षांपूर्वी रोपांची लागवड झाली होती. रोपवाटिकेच्या काळ्या पिशव्यांतल्या मातीबरोबर लहान गोगलगायी गावोगाव फिरतात. 1834 मध्ये हटन या अभ्यासकाने वर्णन केलेली ॲलोपियास ग्रासिली ही सडपातळ गोगलगाय आज अशाच मातीतून जगभर पोचली आहे. तेव्हा ही चिमुकली परक्या प्रदेशातली, तिकडे पूर्वीच नाव मिळालेली असण्याची शक्यता सोडून देता येत नव्हती.

तिसरी शंका जुन्या नावांची. भारतातल्या बहुतेक लहान गोगलगायींची वर्णनं एकोणिसाव्या शतकातली आहेत. बेन्सनची वर्णनं तर लॅटिनमध्ये, चार-सहा ओळींची, पुष्कळदा चित्राविना. ठिकाण म्हणून कधी एखाद्या प्रांताचं किंवा डोंगररांगेचं ढोबळ नाव. 1908, 1914 आणि 1921 मध्ये ब्रिटिश भारताच्या प्राणिसंपदेच्या मालिकेत मृदुकाय प्राण्यांचे तीन खंड निघाले. त्यांत बरीच जुनी वर्णनं एकत्र मिळतात, आणि अजूनही सगळे तिथूनच सुरुवात करतात. मात्र तोंडातले दात कसे आहेत हे नेमकं समजायचं, तर मूळ नमुनाच पाहावा लागतो. बेन्सनचा संग्रह केंब्रिजच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात आहे. ब्लॅनफर्ड या त्या काळच्या दुसऱ्या अभ्यासकाचे नमुने लंडनमध्ये आणि कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत विखुरलेले.

समोरचे पर्याय

एक पर्याय होता लगेच छापण्याचा. शंखाचं वर्णन, चांगले फोटो, जुन्या वर्णनांशी तुलना, झालं. नुसत्या रिकाम्या शंखांवरून नवी प्रजाती जाहीर करायला नियमांची आडकाठी नाही. 2015 मध्ये चीनच्या ग्वांगशी भागातून आलेली अँगुस्टोपिला डोमिनिकी ही 0.86 मिलिमीटर उंचीची गोगलगाय अशीच, चुनखडकाच्या कड्याखालच्या मातीत मिळालेल्या रिकाम्या शंखांवरून वर्णिली गेली. तिथे कडे एकाकी आहेत आणि शेजारच्या गोगलगायींचा अभ्यास भरपूर झालेला आहे. बालाघाटात दोन्ही गोष्टी नाहीत.

हा पर्याय विद्यार्थिनीला खुणावत होता, आणि त्याला कारण होतं. फेलोशिपची मुदत संपत आली होती. पैसे भरले की पंधरवड्यात छापून देणाऱ्या एका नियतकालिकाची मेलही आली होती. घरून विचारणा सुरू होती. ज्यांनी ग्रामीण महाविद्यालयातून पीएच.डी. केली आहे त्यांना हा ताण वेगळा सांगायला नको.

दुसरा पर्याय पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबून जिवंत प्राणी शोधण्याचा. म्हणजे किमान सात-आठ महिने, आणि पाऊस रुसला तर आणखी एक वर्ष. मराठवाड्यात पावसावर भरवसा ठेवून कुणी तारीख देत नाही.

तिसरा पर्याय सगळे नमुने परदेशातल्या तज्ज्ञाकडे पाठवण्याचा. काम चोख झालं असतं. पण जैवविविधता कायदा 2002 नुसार नमुने देशाबाहेर पाठवायचे तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि नवी प्रजाती जाहीर केली की तिचे नमुने देशातल्या नियुक्त भांडारात जमा करावे लागतात. शिवाय मार्गदर्शकांचं म्हणणं स्पष्ट होतं: आपल्या डोंगरातला प्राणी आपल्या मुलांनी ओळखायला शिकलं पाहिजे. मला ते तेव्हाही पटलं, आजही पटतं.

चौथा पर्याय कमीपणाचा वाटतो पण प्रामाणिक आहे: वंश लिहायचा, प्रजातीच्या जागी ‘अनिश्चित’ लिहायचं आणि यादीत नोंदवून मोकळं व्हायचं.

घेतलेले निर्णय

ठरलं ते थांबायचं. पण हात बांधून नाही. चौथ्या पर्यायातली नोंद प्रबंधात घालायची, म्हणजे विद्यार्थिनीचं शंखीवरचं काम वेळेत पूर्ण होईल आणि नव्या प्रजातीचा निबंध प्रबंधाच्या मुदतीला बांधलेला राहणार नाही. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच. दोन कामं वेगळी केल्यावर घाईचं कारणच उरलं नाही. एरवी अशा वेळी मार्गदर्शक ‘थांब’ म्हणतात आणि विद्यार्थ्याचं काय होईल त्याचा विचार करत नाहीत.

थांबण्याच्या काळात तीन कामं झाली. रोपवाटिका तपासली. तिथे ॲलोपियास भरपूर मिळाली, ही चिमुकली एकही नाही. लागवडीच्या रोपांच्या बुंध्यातली मातीही चाळली, तिथेही नाही. यातून पूर्ण खात्री होत नाही, पण शंकेचं वजन कमी झालं.

दुसरं काम परवानगीचं. डोंगर राखीव वनात येतो, त्यामुळे नमुने गोळा करायला वन विभागाचं पत्र लागलं. अर्जात ‘गोगलगायी’ असं वाचून कार्यालयात सगळ्यांना शंखीच आठवली आणि कृषी विभागाकडे जायचा सल्ला मिळाला. शेवटी वनरक्षक दादा स्वतः घळीत आले आणि त्यांनीच वरिष्ठांना समजावलं. पुढे वणव्याच्या दिवसांत उत्तरेकडच्या उताराखाली जाळरेषा स्वच्छ ठेवली तीही त्यांनीच. पाचोळा जळाला की त्यातले हे जीव जळतात, हे त्यांना एकदा सांगितलं तेवढं पुरलं.

तिसरं काम अल्कोहोलचं. वाचायला किरकोळ वाटेल, पण इथे कितीतरी नमुने वाया जातात. डीएनए टिकवायचा तर 95 टक्क्यांच्या वरचं इथेनॉल हवं. ते विकत घ्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, आणि लहान महाविद्यालयांकडे तो नसतो. मग प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनची बाटली असतेच, ती वापरली जाते. फॉर्मॅलिन डीएनए खराब करतं आणि आम्लधर्मी असल्याने शंखाचा चुनाही विरघळवतं. दोन मिलिमीटरच्या शंखाचं मग काय होणार? परवान्याची कागदपत्रं फेब्रुवारीतच दिली म्हणून जूनआधी बाटल्या हातात आल्या.

2023 चा पावसाळा कठीण गेला. जूनचा पाऊस उशिरा, जुलैत थोडा, आणि ऑगस्ट तर देशभरात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा. घळीतला पाचोळा कुरकुरीत झाला. कोरड पडली की गोगलगायी तोंडावर पातळ पडदा ओढून दगडाखाली, भेगांत निपचित बसतात. अशा वेळी दोन मिलिमीटरचा प्राणी शोधणं जवळपास अशक्य.

मग शोधाची दिशा बदलली. तोवर सगळे घळीच्या तळाशी पाहत होते, कारण शंख तिथे मिळाले होते. विद्यार्थिनीने उलटा विचार केला. शंख वरून वाहून आले असतील, तर जिवंत प्राणी वर असणार. ठरावीक अंतरावर चढत जाऊन प्रत्येक टप्प्यावर पाचोळा आणि माती घेतली. वर जावं तसे शंख ताजे, कमी झिजलेले, अर्धपारदर्शक तांबूस होत गेले. उताराच्या वरच्या एक-तृतीयांश भागात, मोठ्या दरडींच्या पायाशी, चुनखडीच्या खड्यांमध्ये ते सगळ्यात दाट होते. सप्टेंबरमध्ये पाऊस पुन्हा आला आणि दोन दिवसांनी तिथेच, उलटवलेल्या दगडाच्या ओल्या पोटाला, पहिली जिवंत गोगलगाय दिसली. अंग राखाडी, शिंगं आखूड, चाल इतकी मंद की भिंगाखालीही धीर धरावा लागतो.

किती प्राणी उचलायचे हा पुढचा प्रश्न. जागा लहान, वर्ष दुष्काळी. ठरलं की मोजमापांसाठी रिकामे ताजे शंख वापरायचे आणि जिवंत अगदी मोजके घ्यायचे, डीएनए आणि शरीररचनेपुरते. दगड उलटवला तर पुन्हा होता तसाच ठेवायचा, हा नियम सगळ्यांनी कसोशीने पाळला.

प्रयोगशाळेतलं काम

इथे जरा सविस्तर लिहितो. हातातली वस्तू एकच असते आणि प्रत्येक तपासणीत ती थोडी खर्च होते.

हा शंख चिमट्याने उचलता येत नाही, चुरा होतो. पाण्यात भिजवलेल्या बारीक कुंचल्याच्या टोकाला तो चिकटतो, तसाच उचलायचा. तोंडात मातीचा गोळा बसलेला असतो आणि दात त्याच्या मागे. विद्यार्थिनीने काडीच्या टोकाला पापणीचा एक केस चिकटवून हत्यार केलं. शंख पाण्यात भिजत ठेवायचा, केसाने माती कणाकणाने सैल करायची, पुन्हा भिजवायचा. एका शंखाला अख्खी दुपार जाई. हे हत्यार जगभर वापरतात, पण तिच्यासारखा हात मी पाहिला नाही. माती निघाली तेव्हा ओठाच्या आत खोलवर एक आडवा दात दिसला. तो आधीच्या एकाही फोटोत नव्हता. पुढे सगळ्या तुलनेचा आधार तोच ठरला.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी शंखावर सोन्याचा मुलामा चढवतात. तो पुन्हा नीट निघत नाही. डीएनएसाठी एवढ्याशा प्राण्याचं जवळपास सगळं अंग खर्ची पडतं. म्हणून होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्यावर नाव कायमचं उभं राहतं तो, सगळ्यात आधी निवडला आणि बाजूला ठेवला. अखंड, पूर्ण वाढलेला, सगळे दात स्वच्छ दिसणारा शंख. त्याचे फक्त फोटो घेतले, वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून मग एकत्र केलेले. मुलामा आणि डीएनए दोन्ही पॅराटाइपवर, म्हणजे वर्णनात होलोटाइपच्या जोडीला दिलेल्या इतर नमुन्यांवर. पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटा होतो आणि शेवटी होलोटाइप म्हणून उरतो तो तुटका नमुना.

डीएनएने मात्र लगेच साथ दिली नाही. गोगलगायीच्या चिकट द्रवातली शर्करायुक्त द्रव्यं पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याच्या प्रक्रियेच्या, आड येतात. पद्धत बदलल्यावर माइटोकॉन्ड्रियाच्या जनुकाचा तुकडा वाचता आला. तो उपलब्ध कुठल्याच नोंदीशी जुळला नाही. पण भारतातल्या या गटाच्या नोंदीच इतक्या थोड्या आहेत, की न जुळण्यावरून ‘नवी’ म्हणता येत नाही. ज्या जुन्या प्रजातींशी तुलना करायची, त्यांचा डीएनएच कुठे नाही. शरीररचनेचंही तसंच. या गटात पुष्कळ प्राण्यांमध्ये नर इंद्रियाचा भाग वाढतच नाही, त्यामुळे इतर गोगलगायींत निर्णायक ठरणारा पुरावा इथे हाती लागत नाही. फिरून भार शंखावर आणि त्यातल्या दातांवरच आला. मग वर्षभर थांबून काय मिळवलं, असं कुणी विचारेल. मिळालं ते हे, की ही गोगलगाय याच उतारावर जगते आणि वाढते हे सिद्ध झालं, तिचा अधिवास समजला, आणि पुढच्या अभ्यासकाला ताडून पाहायला डीएनए नोंद राहिली.

जुने नमुने पाहायला परदेशी जाणं परवडणारं नव्हतं. संग्रहालयांना पत्रं लिहिली. कोणत्या कोनातून, दाताच्या कोणत्या भागाचा फोटो हवा, याचं हाताने काढलेलं चित्र सोबत जोडलं. माझ्या मते उत्तरं लवकर आली ती या चित्रामुळे. नुसतं ‘मूळ नमुन्याचे फोटो पाठवा’ म्हटलं असतं, तर समोरून घेतलेला एक फोटो आला असता आणि खोलवरचा आडवा दात त्यात दिसलाच नसता. आलेल्या फोटोंपैकी एका जुन्या प्रजातीशी साम्य बरंच निघालं. फरक दोन: खोलवरचा दात, आणि शंखाच्या नाभिछिद्राची, म्हणजे बुडाशी असलेल्या छिद्राची, रुंदी.

गावातली बातमी

2024 च्या पावसाळ्यात काम शेवटच्या टप्प्यात असताना एका स्थानिक पत्रात बातमी आली की डोंगरात गोगलगायीची नवी जात सापडली. मूळ माहिती कुणीतरी कौतुकाने दिली होती. पण बातमी आली पेरणीनंतर, कोंब वर येत असताना. दोन दिवसांत गावात बोलणं झालं की सोयाबीनवर आता दुसरी गोगलगाय आली. पायथ्याच्या शेतकऱ्यांनी मेटाल्डिहाइड या गोगलगायी मारणाऱ्या विषाचे दाणे आणून ठेवले. एकाने ते डोंगराच्या कडेने, जंगलात शिरून टाकायचं ठरवलं होतं.

इथे निर्णय घ्यायला वेळ नव्हता. निबंध छापून येईपर्यंत बोलायचं नाही, असं आधी ठरलेलं होतं. ते मोडून विद्यार्थिनी आणि मार्गदर्शक पारावर बसले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, “अव मॅडम, आमी रातच्याला बॅटऱ्या घिऊन गोगलगायी येचायलो, अन् तुमी त्यास्नीच जपायलाव व्हय?”

तिने वाद घातला नाही. सोबत नेलेली शंखी आणि ही चिमुकली, दोन्ही शेजारी ठेवून भिंगातून दाखवल्या. ही बुरशी आणि कुजलेला पाला खाते, कोवळं रोप हिला पेलवतच नाही, शेतात ती एकदाही मिळालेली नाही, असं सांगितलं. शंखीसाठी काय करायचं तेही सांगितलं: गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी बांधावर टाकायचं, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकायच्या, बांधाच्या कडेने चुन्याचा पट्टा ओढायचा. दाणे टाकायचेच तर शेतात, शिफारशीएवढे, कुत्र्या-कोंबड्यांपासून जपून. डोंगराच्या कडेला नको, तिथे ते शंखीपेक्षा इतरांनाच जास्त मारतील. काजव्यांच्या अळ्या गोगलगायी खाऊन जगतात, हे ऐकून म्हातारबाबांनी मान डोलावली. पूर्वी घळीत काजवे किती असत, ते मग तेच सांगत बसले.

शंखीवर दोन वर्षं काम केलेली मुलगी समोर होती म्हणून हे जमलं. तिने त्यांच्या शेतात रात्री काढल्या होत्या. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाचं कुणी ऐकलं असतं, असं मला वाटत नाही.

परिणाम

शोधनिबंध पहिल्या फेरीत परत आला. परीक्षकाचा आक्षेप रास्त होता: खोलवरचा दात एकाच प्रजातीत कमी-जास्त होऊ शकतो, मग त्यावर नवी प्रजाती कशी उभी करता? याला उत्तर देता आलं ते रिकामे शंख भरपूर मोजले होते म्हणून. उताराच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या सगळ्या पूर्ण वाढलेल्या शंखांत तो दात होता, लांबी कमी-जास्त असली तरी. जुन्या नमुन्यांत तो कुठेच नव्हता. सुधारित मसुदा स्वीकारला गेला आहे. नियतकालिक फक्त ऑनलाइन निघतं, त्यामुळे नियमांप्रमाणे झूबँक या प्राणिनावांच्या ऑनलाइन नोंदवहीतली नोंद आणि तिचा क्रमांक निबंधातच छापला जाईल. होलोटाइप आणि काही पॅराटाइप भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्राकडे दिले आहेत, काही शंख महाविद्यालयाच्या संग्रहात. तिथे लाकडी कपाट वापरायचं नाही असं ठरलं. काही लाकडांतून सुटणारी आम्लाची वाफ शंखांवर पांढरी भुकटी आणते आणि वर्षानुवर्षांत शंख खाऊन टाकते. काचेच्या नळ्या आणि जिलेटिनच्या कॅप्सूल स्वस्तही पडल्या.

विद्यार्थिनीचा प्रबंध शंखीवरच्या कामावर वेळेत मंजूर झाला.

वेगळं काय करता आलं असतं

घळीचा तळ सोडून वर चढण्याचा विचार पहिल्या हिवाळ्यातच करता आला असता. झिजलेले आणि ताजे शंख वेगळे करून त्यांची उंचीनुसार मांडणी करायला पाऊस लागत नाही. तसं केलं असतं तर 2023 च्या जुलैतल्या थोड्या पावसातच जिवंत प्राणी हाती आले असते.

गावाशी बोलणं बातमीच्या आधी व्हायला हवं होतं. निबंध छापेपर्यंत नाव गुप्त ठेवणं योग्यच. पण नाव न सांगताही ‘डोंगरात एक निरुपद्रवी बारीक गोगलगाय आहे, ती पिकावर येत नाही’ एवढं ग्रामसभेत सांगता आलं असतं. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत तशी नोंदही करता आली असती. ती आता, उशिरा, केली जाते आहे.

संग्रहालयांना पत्रं लिहायची ती जिवंत नमुन्यांची वाट न पाहता, पहिल्याच महिन्यात. त्या फोटोंमुळे शोधाची दिशा बदलत नाही हे खरं. पण जुन्या प्रजातीशी पूर्ण जुळणी निघाली असती, तर सगळे कष्ट तिथेच वाचले असते.

एका गोष्टीवर आमच्यात मतभेद आहेत. मार्गदर्शकांना वाटतं की शेजारच्या दोन-तीन डोंगरांवर शोध घेतल्याशिवाय निबंध पाठवायलाच नको होता, कारण एकाच उतारावरून प्रजातीचा विस्तार सांगता येत नाही. विद्यार्थिनीचं म्हणणं, डोंगराच्या दुसऱ्या सोंडेवर खडी काढण्याच्या गोष्टी सुरू आहेत आणि नाव नसलेल्या प्राण्याची बाजू कुठल्याच सुनावणीत मांडता येत नाही. मी तिच्या बाजूचा आहे. शेजारचे डोंगर पुढच्या पावसाळ्यात पाहायचे ठरलं आहे, उताराच्या वरच्या एक-तृतीयांश भागातल्या, चुनखडीचे खडे असलेल्या दरडींपासून सुरुवात करून. त्यासाठी वन विभागाकडे अर्ज आणि इथेनॉलच्या परवान्याचं नूतनीकरण, दोन्ही आताच दिलं आहे.